शिडीखालची पायताणं

"पायताणं किती?"

मशीन सुरू करण्याआधी मिस्त्री हे विचारायचे. कुणाला विचारायचे ते मला पहिले आठ दिवस कळलंच नाही, कारण जवळ कुणी नसलं तरी ते विचारायचे. मग शिडीपाशी उकिडवे बसायचे, खाली ओळीने काढून ठेवलेले जोड बोटाने एकेक करून मोजायचे आणि स्वतःच सांगायचे, "चार हायत." मग शिडीशेजारची सुताची दोरी ओढायचे. दोरीच्या वरच्या टोकाला, माळ्यावर, बैलाच्या गळ्यातली घंटा बांधलेली होती. ती वाजली की वरचे गडी पाळीपाळीने दोरीला हिसका द्यायचे. एक, दोन, तीन, चार. खाली चार जोड आणि वरून चार हिसके, असं जुळलं की मशीन सुरू. एक हिसका कमी पडला तर खाली प्रत्यक्ष चेअरमन उभे असले तरी मशीन बंदच राहायचं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामापेक्षा कामाआधीचीच तयारी जास्त. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा. मी मुळात चिडका, आणि त्यात वय सव्वीस. घरचे म्हणतात की वय गेलं आणि चिडकेपणा तेवढा राहिला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीहून माधवनगरला जाताना डाव्या हाताला बटाट्याचं कोल्ड स्टोरेज उभं राहत होतं. आजूबाजूचे ऊसवाले शेतकरी आणि सांगलीतले काही जैन व्यापारी यांनी मिळून काढलेलं. मी तिथे स्टोअरकीपर होतो. खिळे, पत्रे, पोती जे काही येईल ते माझ्या ताब्यात. सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे आणि मलाही ते आवडायचं.

आत थंडावा टिकायचा तर छतावर जाड गोधडी हवी. ती गोधडी म्हणजे भाताचं तूस. आजऱ्याकडच्या भातगिरण्यांमधून ट्रक भरभरून यायचं. छताच्या वर माळा होता, चांगला शंभर फूट लांब, आणि त्या सगळ्या माळ्यावर दोन हात जाडीचा तुसाचा थर पसरायचा होता. पाटीने वाहायचं म्हटलं तर वर्ष गेलं असतं, म्हणून मिस्त्रींना त्यांच्या मशीनसकट बोलावलं. मशीन त्यांनी स्वतःच जुळवलेलं. पंखा कुठल्याशा बंद पडलेल्या कापडगिरणीच्या भंगारातला, वर पत्र्याचं मोठं नरसाळं, आणि पंख्याच्या तोंडाला कॅनव्हासचा लांबच लांब पाइप. त्याला सगळे सोंड म्हणायचे. खाली नरसाळ्यात पोती रिकामी करायची आणि वर गड्यांनी सोंड धरून हवं तिकडे तूस उडवायचं. आवाज असा की शेजारचा माणूस काय बोलतो ते त्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागे.

मिस्त्री साताऱ्याकडचे, खंडाळा तालुक्यातले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पन्नाशीचे, बुटके, खाकी अर्धी चड्डी आणि वर पांढरी गांधी टोपी. टोपी तुसाने कायम पिवळी. बोलणं हळू. आवाज चढवलेला मी एकदाच ऐकला, आणि तोही फार चढलेला नव्हता.

त्यांची नि माझी पहिली भेट झाली ती मफलरवरून. डिसेंबरची सकाळ होती. आईने विणलेला मफलर गळ्यात घालून मी ऐटीत मशीन बघायला गेलो. मिस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, अंगावर लोंबतं काय काय हाय?" मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी काही न बोलता मफलर माझ्या गळ्यातून काढला, नीट घडी केली आणि भिंतीवरच्या खुंटीला अडकवला. तिथे आधीच दोन टॉवेल, एक उपरणं आणि कुणाच्या तरी शर्टाची लोंबणारी बाही टांगलेली होती. ती बाही त्यांनी कापूनच काढली होती म्हणे. पंख्याच्या चालू पट्ट्याजवळ लोंबतं काही चालत नाही, एवढंच ते म्हणाले. मी लालबुंद झालो. स्टोअरकीपरचा मफलर खुंटीला! त्या रात्री जेवताना मी आईला सांगितलं की साताऱ्याचा एक चक्रम आलाय.

पोती ओतायला दोन बाया होत्या. त्यांनी पदर खोचल्याशिवाय आणि वेणीचा अंबाडा घातल्याशिवाय त्यांना नरसाळ्याजवळ येता यायचं नाही. एका गड्याच्या मनगटाला देवाचा गंडा होता, लांब दोऱ्याचा. तो काढायला तयार होईना. मिस्त्रींनी त्याच्याशी हुज्जत घातली नाही. ओल्या फडक्याची पट्टी घेतली, गंड्यावरून घट्ट गुंडाळली आणि देवाला नमस्कार करून त्याला कामाला लावलं. तूस नरसाळ्यात अडकलं तर काठीने ढकलायचं, हात घालायचा नाही. त्यासाठी कोपऱ्यात बाभळीच्या काठ्यांचा भारा. पंख्यात गेलेल्या काठीचे तुकडे उडाले की मिस्त्रींना हसू यायचं. "काठ्या लय हायत," म्हणायचे.

विड्या-काडेपेट्या डब्यात जमा. नाकाला ओलं फडकं. कानात कापसाचे बोळे, कारण माळ्यावर तो आवाज डोक्यात घुमायचा. मशीन थांबलं की बोर्डावरचा फ्यूज काढून खिशात टाकायचा, म्हणजे त्यांच्या मागे कुणी हौशी माणूस बटण दाबायला गेला तरी काही व्हायचं नाही. जेवायला बसले की खिशातला फ्यूज चाचपून मगच भाकरी मोडायचे.

पण सगळ्यात वरचढ नियम पायताणांचा. माळ्यावर जाणाऱ्याने शिडीखाली जोड काढून ठेवायचा. खाली आल्यावर घालायचा. संध्याकाळी सगळ्यांनी पायताणं घालून त्यांच्या समोरून जायचं, आणि शिडीखाली एक जरी जोड उरला तरी कुणी घरी जायचं नाही. एकदा एक गडी दुसऱ्याचाच जोड घालून निघून गेला. त्याचा उरलेला जोड समोर ठेवून मिस्त्रींनी आम्हा सगळ्यांना तासभर बसवून ठेवलं आणि त्याला सायकलवरून परत आणवलं. मी त्या दिवशी एका नातेवाइकाकडे जेवायला जाणार होतो. माझ्या डोक्याची शीर उडत होती. शाळेतल्या पोरांसारखी चपलांची हजेरी घेता काय, असं मी त्यांना सगळ्यांदेखत विचारलं. ते म्हणाले, "व्हय." पुढे काहीच नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

आता दगडूचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. दगडू म्हणजे पंचेचाळिशीचा, उंच, हाडकुळा गडी. राहायचा जवळच्याच वस्तीत. जन्मात कधी पायताण घातलेलं नाही. टाचांना भेगा इतक्या की त्यात ज्वारीचा दाणा बसावा. पहिल्या दिवशी शिडीखाली तीन जोड आणि वरून चार हिसके. मिस्त्रींनी मशीन सुरू केलं नाही. दगडूला खाली बोलावलं, पायांकडे बघितलं आणि त्या दिवशी त्याला पोत्यांवर ठेवलं. संध्याकाळी रस्त्याकडेला बसणाऱ्या कारागिराकडून ट्रकच्या टायरच्या तळाची भक्कम पायताणं करून आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दगडूपुढे ठेवली. दगडूला घालताच येईनात. अंगठा कुठे जातो, पट्टा कुठे, सगळा गोंधळ. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पुढची गंमत वेगळीच. झिजतील म्हणून दगडू ती काखेत धरून अनवाणी यायचा. शिडीपाशी आला की खाली ठेवायचा, दोन्ही टाचा एका रेषेत, आणि वर चढायचा. संध्याकाळी मिस्त्रींसमोरून घालून जायचा आणि फाटकाबाहेर पडला की पुन्हा काखेत. मिस्त्रींना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाले, "घालंना का काखंत. खाली ठिवतोय न्हवं?"

काम निम्मं झालं आणि संचालकांना उद्घाटनाची घाई झाली. बटाटा महिन्याभरावर आला होता. मशीनची पूजा करायची, चेअरमननी बटण दाबायचं आणि पाच मिनिटं तूस उडवून दाखवायचं असं ठरलं. चेअरमन म्हणजे आबा. इस्लामपूरच्या बाजूचे मोठे ऊसवाले, शब्दाला वजन आणि अंगालाही. गावोगावची शे-सव्वाशे मंडळी येणार होती. माळ्यावर त्या वेळी कुणी असायचं नव्हतं. सोंड तुळईला बांधून ठेवायची आणि नुसतं दाखवायचं.

त्या दिवशी सकाळी चौघे गडी सोंड बांधायला वर गेले. तेवढ्यात मशीनचा पट्टा फाटत आलाय असं दिसलं, म्हणून मिस्त्री नवा पट्टा आणायला सायकलवरून सांगलीच्या बाजारात गेले. मागे पूजेची सगळी तयारी माझ्याकडे. मी नवा कोरा पायजमा घातलेला. भटजी आले, मशीनपुढची जागा बघितली आणि म्हणाले, "अहो, इथे चपला कुणाच्या? इथेच तर रांगोळी घालायची." शिडी मशीनला अगदी खेटून होती. चपला पूजेच्या जागी कशा चालतील? ते मलाही पटलं. मी घमेलं घेतलं, शिडीखालचे जोड त्यात टाकले आणि मांडवाच्या दाराशी, जिथे येणारे पाहुणे चपला काढत होते, तिथे नेऊन ओतले. किती जोड होते? मोजले नाहीत. कशाला मोजतोय? मोजणारा माणूस बाजारात गेला होता.

शिडीखाली मोराची रांगोळी निघाली. थोड्या वेळाने तीन गडी खाली उतरले, पायताणं दिसली नाहीत, पूजेसाठी हलवली असतील असं धरून तसेच मांडवात गेले. पूजेत सगळेच अनवाणी. कुणाच्या पायात काय आहे आणि काय नाही, ते कुणाच्या लक्षात येणार?

मिस्त्री आले तेव्हा मुहूर्ताला दहा-बारा मिनिटं होती. त्यांनी पट्टा चढवला, हाताने पंखा फिरवून बघितला आणि फ्यूज बसवला. आबा हार घालून बटणाजवळ येऊन उभे राहिले. नारळ फुटला. मिस्त्री सवयीने शिडीकडे वळले आणि तिथेच थांबले.

"हितली पायताणं कुणी उचलली?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. खरं सांगतो, त्या क्षणी खोटं बोलावं असं माझ्या मनात आलं. इथे नव्हतीच म्हणावं, संपलं. आबा माझ्याकडे बघत होते, भटजी घड्याळाकडे. मी म्हणालो, "मी उचलली. दाराशी ठेवलीत."

"किती हुती?"

"मोजली नाहीत."

मिस्त्री वळले. बोर्डाकडे गेले, आताच बसवलेला फ्यूज काढला आणि खिशात टाकला. मग दोरी ओढली. वर घंटा वाजली. हिसका आला नाही. पुन्हा ओढली. तरीही नाही.

आबा म्हणाले की वर कुणी नाहीच, तर हिसका कोण देणार. मिस्त्रींनी गडी मोजले. तीन होते. दगडू नव्हता. त्या तिघांतला एक म्हणाला की दगडूची लेक पलीकडच्या वाडीत दिलीय, दोन दिवस तिच्याकडे जायचं म्हणत होता, तिकडेच गेला असेल. त्याने दगडूला उतरताना पाहिलं होतं का? नाही, पण असेल गेला. मग बांधकामावरचे इंजिनिअरसाहेब स्वतः शिडी चढले, माळ्याच्या तोंडाशी उभे राहून बॅटरी फिरवली, दोनदा हाक मारली आणि खाली येऊन म्हणाले, "कोणी नाही. नुसते तुसाचे ढीग आहेत."

"ऐकलंस?" आबांचा आवाज चढला. "सायबानं बघितलंय. फ्यूज लाव. मुहूर्त चाललाय."

"ढिगामागं बघितलं न्हाई आबा त्यांनी."

"मिस्त्री, शंभर मानसं बसल्यात. आता लाव, न्हाईतर मशीन घिऊन आजच्या आज खंडाळ्याला चालायला लाग."

"जातो की. पर आदी पायताणं मोजू."

हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की आबांचा बटणाकडे गेलेला हात खाली आला. मिस्त्री मांडवाच्या मध्ये जाऊन उभे राहिले, टोपी काढली, हात जोडले आणि जरा आवाज चढवून म्हणाले, "मंडळी, पाया पडतो. परत्येकानं दाराशी जाऊन आपापली पायताणं पायात घालावी. एवढंच करा. मग हाय तसं बसा."

आधी हशा पिकला. मग एक म्हातारा आजोबा, कुठल्याशा सोसायटीचे संचालक, काठी टेकत उठले आणि निघाले. त्यांच्यामागे दुसरे. मग सगळा मांडव उठला. दाराशी अशी झुंबड उडाली की काय सांगू! एकाचा जोड दुसऱ्याने घातलेला, तिसऱ्याच्या हातात दोन्ही डाव्याच. व्यापारी मंडळींच्या कोऱ्या चपला खालून निघेनात. भटजींनी मुहूर्ताचा नाद सोडून स्वतःच्या खडावा शोधायला घेतल्या. तिघा गड्यांनी आपापले जोड ओळखून घातले. मी माझा आणि मिस्त्रींचा जोड उचलून एका बाजूला भिंतीला टेकून उभा होतो.

गर्दी पांगली. दाराशी मातीत एकच जोड उरला होता. ट्रकच्या टायरचा तळ, जाड पट्टे. अजून नवाच होता, कारण तो बहुतेक काखेतच असायचा.

मिस्त्रींनी तो जोड उचलला, शिडीपाशी आणला आणि रांगोळीच्या मोरावर, बरोबर मधोमध ठेवला. भटजींनीही हूं की चूं केलं नाही. बॅटरी घेऊन मिस्त्री वर चढले. त्यांच्यामागे मी चढलो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण खाली उभं राहणं जमेना.

तिसऱ्या तुळईच्या पलीकडे, ढिगाच्या आडोशाला, दगडू रिकाम्या पोत्यांत गुरफटून पडला होता. अंगात ताप. पहाटेपासून थंडी वाजत होती. तुसात ऊब लागली म्हणून घटकाभर टेकला आणि झोप लागली. कानात कापसाचे बोळे तसेच, वर चढतानाच घालायचे हा मिस्त्रींचाच नियम. त्यामुळे ना घंटा ऐकू आली, ना साहेबांची हाक. सोंडेचं तोंड त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर, त्याच्याच दिशेने बांधलेलं. पाच मिनिटांत दहा-बारा पोती तूस त्याच्यावर आलं असतं. आणि आम्ही खाली टाळ्या वाजवल्या असत्या.

मिस्त्री त्याच्याशेजारी बसले. हलवलं नाही, ओरडले नाहीत. त्याच्या कानातले बोळे काढले, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऊठ गड्या. खाली तुजं पायताण ऱ्हायलंय."

दगडू उठून बसला. त्याला काहीच माहीत नव्हतं. मी कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होतो. मला रडू आलं, लपवण्यात काय अर्थ आहे? तुसाची धूळ गेली असं नंतर सगळ्यांना सांगितलं.

दगडू केसांत तूस घेऊन शिडीवरून उतरला. आबांनी त्याच्याकडे बघितलं, मग खाली मोरावरच्या त्या जोडाकडे. गळ्यातला हार काढला आणि खुंटीला, टॉवेलांशेजारी अडकवला. भटजींना दुसरा मुहूर्त काढायला सांगितलं. दगडूला स्वतःच्या जीपमधून डॉक्टरांकडे पाठवलं. मिस्त्रींना मात्र ते काहीच म्हणाले नाहीत. नंतर काम संपेपर्यंत आबा साइटवर आले की शिडीखाली एक नजर टाकूनच पुढे जायचे.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मिस्त्रींसमोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. चुकलो, एवढंच म्हणालो. ते मशीनवरचं तूस फडक्याने पुसत होते. पुसता पुसता त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मग ते सांगितलं, जे त्यांनी तिथे दुसऱ्या कुणालाही सांगितलं नव्हतं.

पूर्वी, दुसऱ्या एका गोदामावर, हेच काम चालू होतं. दिवस संपत आला होता. सगळे उतरले असं कुणीतरी म्हणालं आणि त्यांनी बटण दाबलं. एक माणूस वर राहिला होता. दुसऱ्या दिवशी सापडला. बोट मिस्त्रींचंच होतं.

"चौकशी झाली, मला कुनी दोष दिला न्हाई," ते म्हणाले. "पर मी लय इचार केला भाऊसाहेब. त्यो गडी अनवानी हुता. खाली मोजायला त्याचं कायच न्हवतं."

मी विचारलं, त्यानंतरही तुम्ही हेच काम कसं धरून राहिलात? त्यांनी फडकं झटकलं.

"मी सोडलं तर दुसरा कोन तरी करनार. त्यो मोजंल का?"

त्या दिवसानंतर मी कधी त्यांची थट्टा केली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून मीच सकाळी शिडीखाली चुन्याने एक पट्टा आखला, जोड ठेवायला. त्यांनी तो बघितला आणि मान हलवली. कानातल्या बोळ्यांचीही सोय त्यांनी बदलली. मशीन थांबलं की बोळे काढून दोरीजवळच्या डबीत टाकायचे, मगच वर बसायचं. आपल्याच नियमाने माणूस जात होता, हे त्यांनी कुणी न सांगता स्वतःहून मान्य केलं होतं.

माळा भरला. बटाटा आला, वेळेवर आला. मिस्त्री मशीन ट्रकवर चढवून निघून गेले. पुढे कधी कोरेगावहून, कधी इस्लामपूरहून, जिथे काम असेल तिथून पोस्टकार्ड यायचं. अक्षर मोठं, वाकडं. मजकूर कायम तोच. काम चालू आहे, पायताणं बराबर आहेत. मी कार्ड वाचून दगडूला दाखवायचो. तो तेव्हा कोल्ड स्टोरेजवरच कायमचा लागला होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघायचा.

खोकला त्यांना तेव्हाही होता. सगळ्यांच्या नाकावर ओलं फडकं बांधायचे आणि स्वतःचं मात्र दर पाच मिनिटांनी खाली ओढायचे, कारण वरच्यांना ओरडून सांगायचं असायचं. दोन-तीन वर्षांत पोस्टकार्डांवरचं अक्षर बारीक झालं. मग एकदा कार्ड आलं ते त्यांच्या पुतण्याच्या हातचं.

दहाव्याला मी आणि दगडू एसटीने गेलो. खंडाळ्याच्या पुढे, रस्त्यापासून आत दोन मैलांवर गाव. घर छोटं, पुढे ओटा. माणसं खूप जमली होती, इतकी की मला आश्चर्य वाटलं. कुठल्या कुठल्या साइटवरचे गडी, बाया, एक-दोन इंजिनिअरसुद्धा. ओट्याखाली पायताणांची ही रांग. सगळ्यांनी, कुणी न सांगता, आपापला जोड ओळीत, टाचा एका रेषेत ठेवला होता.

जेवणं झाली. माणसं निघू लागली. एकेक जण ओट्यावरून उतरायचा, आपला जोड घालायचा, घराकडे बघून नमस्कार करायचा आणि चालू लागायचा. मीही चपला घातल्या. संध्याकाळची शेवटची गाडी गाठायची होती. मागे वळून बघतो तर दगडू आपल्या त्याच टायरच्या पायताणांत उभा होता आणि हलत नव्हता.

ओट्याखाली, रांगेच्या अगदी टोकाला, एक जोड उरला होता. जुना, झिजलेला, पट्ट्यांत तुसाचे कण अडकलेले. मिस्त्रींच्या बायकोने तो तिथून कुणाला हलवू दिला नव्हता.

"दगडू, गाडी जाईल," मी म्हणालो.

"जोड उरलाय, भाऊसाहेब," तो म्हणाला. "कसं निघायचं?"

मी घातलेल्या चपला काढल्या, त्या जोडाशेजारी ठेवल्या आणि दगडूबरोबर ओट्यावर बसलो. गाडी गेली.